बाहेरच्या कचऱ्याच्या डब्याला पिशवी कोणती: कुरकुरीत, मऊ की कंपोस्ट होणारी?

घरातल्या डब्याला चालणारी पिशवी बाहेरच्या डब्याला पुरतेच असं नाही. तिथे ऊन, पाऊस, वारा आहे, आणि रात्री वासावर येणारी कुत्री-मांजरं आहेत.

चुरगाळली की कुरकुर वाजते ती एचडीपीईची, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिन प्लास्टिकची. पातळ असूनही वजन बरं पेलते, पण एक काडी टोचली की तिथून फाटतच जाते. मऊ, ताणली जाणारी ती एलएलडीपीईची, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनची. तिच्यात अंगठा खुपसून पाहा, भोक पडण्याआधी ती चांगली लांबते. बागेतल्या काटक्या, फुटक्या कुंड्या असलं काही टाकणार असाल तर डोळे झाकून हीच घ्या. नुसता कागद आणि रिकामी पाकिटं असतील तर कुरकुरीत पुरे.

या दोघींची तुलना मायक्रॉनवर, म्हणजे जाडीच्या आकड्यावर करू नका. तो आकडा एकाच प्रकारातल्या दोन पिशव्यांपुरता खरा. (कुठे ‘मिल’ लिहिलं असेल तर १ मिल म्हणजे २५.४ मायक्रॉन.) रंग मात्र काळाच बरा: त्यातली काजळी ऊन अडवते, पारदर्शक पिशवी लवकर ठिसूळ होते.

कंपोस्ट होणारी पिशवी फक्त ओल्या कचऱ्याला, आणि डबा रोज रिकामा होत असेल तरच. उष्णता आणि ओल लागली की ती डब्यातच ढिली पडायला लागते. ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ (रसायन मिसळलेलं साधं प्लास्टिक) ही वेगळीच चीज. ती कुजत नाही, तिचे बारीक तुकडे होतात. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशात तिच्यावर बंदी घातली, ती उगाच नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात मापात. गोल डब्याचा घेर मोजा, त्याचा निम्मा म्हणजे पिशवीची रुंदी. लांबीसाठी डब्याची उंची, अधिक तळाच्या व्यासाचा निम्मा, अधिक काठावर दुमडायला ८-१० सेंटीमीटर. ५० सेंटीमीटर व्यासाच्या आणि ७० उंचीच्या डब्याला साधारण ८० बाय १०५ची पिशवी लागते. तळ घड्या घालून चांदणीसारखा एकत्र जोडलेला असेल तर तो गोल डब्यात नीट बसतो आणि गळतीही कमी.

एकदा मी भरलेली पिशवी जोर लावून ओढली आणि तळ डब्यातच राहिला. दोष पिशवीचा नव्हता. खाली हवा शिरायला वाटच नव्हती, त्यामुळे ती डब्याला चिकटून बसली होती. नंतर डब्याच्या बाजूला, तळाजवळ दोन भोकं पाडली. आता तीच पिशवी एका हाताने निघते.