लेझर कोणाकडे करून घ्यावे : कोथरूडमधील एका त्वचा क्लिनिकचा अनुभव

हनुवटीवरचे आणि वरच्या ओठावरचे केस लेझरने कमी करून घ्यायचे म्हटले, तर पुण्यात चौकशीलाच बरेच दिवस जातात. पार्लर, स्किन स्टुडिओ, दातांच्या दवाखान्याला लागून उघडलेले सौंदर्य केंद्र आणि त्वचारोगतज्ज्ञांचे क्लिनिक या सर्वांच्या पाटीवर लेझरची जाहिरात असतेच. मी कोथरूडमधील एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे हे उपचार पूर्ण केले आणि एकंदरीत समाधानी आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी मशीन सुरूच केले नाही. पाळी नियमित आहे का, कोणती औषधे चालू आहेत, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतले होते का, जखमेचे व्रण काळे पडतात किंवा फुगतात का, अशी बारीक चौकशी केली आणि हार्मोनच्या तपासण्या लिहून दिल्या. पीसीओएसमुळे, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडामुळे, हनुवटीवर केस येत असतील तर त्यावर उपचार न करता नुसते लेझर केल्यास नवे केस उगवत राहतात, आणि क्वचित चेहऱ्यावर लेझरनंतर आजूबाजूची लव उलट दाट होते, हेही त्यांनी पैसे भरण्याआधीच सांगितले. केस कायमचे नाहीसे होतील असे न म्हणता, दीर्घकाळ कमी आणि विरळ होतील, पांढऱ्या केसांवर मात्र काहीही परिणाम होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्याकडच्या वर्णाला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मशीनचा आहे. लेझरचा प्रकाश केसातील मेलॅनिन हे रंगद्रव्य शोषून घेते आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ निकामी होते. पण तेच मेलॅनिन सावळ्या त्वचेतही भरपूर असल्यामुळे मशीन किंवा त्याची तीव्रता चुकली तर त्वचा भाजते आणि मागे काळे किंवा पांढरे डाग राहतात. लेझरचे प्रकार प्रकाशाच्या तरंगलांबीवरून ओळखतात: ७५५ नॅनोमीटरचे अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेला मानवते, १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग खोलवर जाते आणि वरच्या थराला कमी तापवते म्हणून काळ्यासावळ्या वर्णाला अधिक सुरक्षित ठरते, तर ८१० च्या आसपासचे डायोड या दोहोंच्या मधले. या क्लिनिकमध्ये डायोड आणि एनडी-याग दोन्ही आहेत. माझ्यासाठी एनडी-याग निवडले आणि त्याचे कारणही समजावून सांगितले.

याच परिसरातल्या एका चकचकीत केंद्रात मी आधी चौकशी केली होती, तिथला थाट वेगळाच. डॉक्टर कोण, याचे उत्तर समोर बसलेल्या कौन्सेलरकडे नव्हते. मशीन आयपीएलचे, म्हणजे अनेक तरंगलांबींच्या प्रकाशाचे झोत सोडणारे, लेझर नव्हेच, निघाले. आणि सवलत मात्र त्याच दिवसापुरती होती. पायांचे लेझर करायचे असेल तर बधिर करणारे मलम घरीच भरपूर लावून वर प्लॅस्टिक गुंडाळून या, असा सल्लाही मिळाला. हा सल्ला जिवावर बेतू शकतो. अमेरिकेत अशाच प्रकारे मलम लावून पाय गुंडाळलेल्या दोन तरुणींचा मृत्यू झाल्यानंतर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

प्रत्यक्ष उपचारात आधी कानाखाली जबड्याच्या कडेला चाचणीचे मोजके शॉट दिले आणि त्वचा कशी राहते ते पाहूनच पुढची तारीख ठरवली. पुढे दर सिटिंगला नवे रेझर, पांढऱ्या पेन्सिलीने आखलेली जागा, माझ्या डोळ्यांवर पूर्ण बंद गॉगल आणि डॉक्टरांच्या डोळ्यांवर त्या मशीनचा गॉगल, हा क्रम कधी मोडला नाही. शॉट बसताना रबर बँड ताणून सोडल्यासारखा चटका बसतो आणि जळक्या केसांचा वास येतो. नंतर केसांच्या मुळांभोवती लालसर पुरळ उठून संध्याकाळपर्यंत बसते. फोड आला तर मात्र लगेच फोन करायला सांगितले होते. वापरलेली तीव्रता प्रत्येक वेळी कार्डावर लिहिली जाते, आणि ते कार्ड मागितल्यावर दाखवतात.

कोकणातून रापून परतल्यावर मी सिटिंगला गेले, तेव्हा त्यांनी मला सरळ परत पाठवले आणि त्वचा मूळ रंगावर येईपर्यंत थांबायला लावले. त्या भेटीचे पैसेही घेतले नाहीत. सुरक्षित जागा निवडताना मला पदवीइतकेच वजन या नकाराला द्यावेसे वाटते, कारण ज्यांचे सगळे गणित आगाऊ विकलेल्या पॅकेजवर चालते त्यांना गिऱ्हाईक परत पाठवणे परवडत नाही. पदवी तर पाहावीच. त्वचारोगातील एमडी किंवा डीडीव्हीएल ही पदविका आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो, तो ऑनलाइन पडताळून घेता येतो. कॉस्मेटॉलॉजीचे अल्पमुदतीचे प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे, भिंतीवर कितीही मोठ्या चौकटीत लावलेले असो.

उणिवाही आहेत. वेळ घेऊन गेले तरी बराच वेळ ताटकळावे लागते, कपडे बदलण्याची जागा म्हणजे नुसता पडदा आहे, आणि पहिल्या काही सिटिंगनंतर शॉट देण्याचे काम सहायक तंत्रज्ञ मुलीकडे जाते. सेटिंग डॉक्टर स्वतः लावतात आणि शेजारच्या खोलीत हजर असतात, तरी हे आधी सांगायला हवे होते. दर पार्लरपेक्षा बरेच जास्त आहेत, मात्र दर सिटिंगचे पैसे त्या-त्या वेळीच घेतात आणि पावती देतात. केस आता बऱ्यापैकी विरळ झाले आहेत; उरलेल्यांसाठी अधूनमधून एखादी सिटिंग लागेल. शनिवारी संध्याकाळी तिथे फार गर्दी असते, त्यामुळे जमल्यास आठवड्याच्या मधल्या वारी सकाळची वेळ घ्यावी.