विजयेचे थेंब घ्यायचे ठरवताय? तेल, टिंक्चर, कॅप्सूल आणि घोटलेली भांग

खेड्यात टिंचर म्हटलं की खरचटलेल्या गुडघ्यावर लावायचं तपकिरी आयोडीन डोळ्यांपुढे येतं. ती बाटली तोंडात जाता कामा नये, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. इथे ज्या टिंक्चरबद्दल लिहितोय ते म्हणजे भांगेच्या झाडातले घटक मद्यार्कात उतरवून केलेला अर्क. १८३९ मध्ये कलकत्त्यात विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टराने संधिवात, पटकी, धनुर्वाताच्या रुग्णांवरचे आपले प्रयोग मांडले आणि मग हे टिंक्चर विलायतेच्या औषधकोशात गेलं. आज ‘विजया’ या भांगेच्या आयुर्वेदातल्या नावाने जे मिळतं ते बहुतेक तेलातलं असतं. पण लोक दोन्हीला टिंक्चरच म्हणतात, आणि मात्रेचा घोळ तिथूनच सुरू होतो.

विचारणारे येतात ते कंबर, गुडघे, न लागणारी झोप किंवा केमोथेरपीनंतरची मळमळ घेऊन. मळमळीत आणि नसांच्या जुन्या दुखण्यात उपयोगाचा आधार बऱ्यापैकी आहे, गुडघ्याच्या झिजेत तोकडा. साखर, लकवा, कर्करोग मुळातून जातो असं सांगणारा भेटला तर त्याच्याकडून काहीच घेऊ नये.

कौल आधीच देतो: नवख्याने कमी ताकदीचं तेल घ्यावं, तेही १ मिलीच्या सिरिंजने मोजून आणि रात्री. कॅप्सूल काही जणांना जास्त सोयीची पडते. मद्यार्कातलं टिंक्चर आपल्याकडे फारच थोड्यांच्या कामाचं आहे. घोटलेल्या भांगेला औषध म्हणून जागाच नाही.

कायदा अर्धी निवड करून टाकतो

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, आणि या दोन्हींपासून केलेलं कुठलंही मिश्रण किंवा पेय बंदीत येतं. शेंड्यांशिवायची पानं आणि बी त्या व्याख्येबाहेर आहेत. आयुर्वेदिक औषधं पानापासून बनतात ती याच वाटेने, आयुषच्या परवान्यावर. भांग औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे विषारी घटकांच्या यादीत आहे, म्हणून अशा बाटलीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापावीच लागते.

म्हणजे कुणाकडून गांजा आणून घरी अर्क काढला, तर तो औषधासाठी होता हे सांगून सुटका होत नाही. वावरात तुरीच्या ओळीत चार झाडं लावली तरी तो लागवडीचाच गुन्हा, आणि त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय भांगही जवळ ठेवता येत नाही. सरळ रस्ता एकच: नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी, परवाना असलेल्या कंपनीची बाटली, आणि बिल. चिठ्ठी व बिल बाटलीसोबतच ठेवा. नाक्यावर गाडी थांबवली तर तेच कामी येतं.

बाटलीवर काय वाचायचं

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते भांगेच्या बियांच्या तेलावर. २०२१ पासून ते खाद्यपदार्थ म्हणून अधिकृतपणे विकता येतं. भाजीला, चटणीला उत्तम, पण त्यात टीएचसी आणि सीबीडी हे भांगेतले मुख्य औषधी घटक नावालाच असतात. लेबलवर ‘सीड ऑइल’ असेल तर ते स्वयंपाकघरातलं. ‘विजया पत्र’ आणि ‘अर्क’ हे शब्द असतील तर ते औषध.

दुसरी फसगत आकड्याची. ‘१५०० मिलीग्रॅम विजया अर्क’ असं लिहिलेलं असतं आणि माणूस समजतो, एवढं टीएचसी आहे. तो आकडा सगळ्या अर्काच्या वजनाचा असतो. त्यात नशा आणणारं टीएचसी किती आणि नशा न आणणारं सीबीडी किती, हे त्या बॅचच्या तपासणी अहवालात मिळतं. अहवाल मागा. बॅच क्रमांक बाटलीशी जुळतो का तेही बघा. जो विक्रेता देत नाही त्याची बाटली मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते नवख्याने घेऊ नये.

तेल की मद्यार्क?

कागदावर मद्यार्क सरस दिसतो. जिभेखालच्या पातळ त्वचेतून तो लवकर शिरतो, वर्षानुवर्षं टिकतो. पण विदर्भातल्या तोंडाचं काय? खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, खाणाऱ्याच्या तोंडातली त्वचा आधीच कडक, पांढुरकी आणि चरचरणारी असते. कित्येकांना दोन बोटांपेक्षा जास्त तोंड उघडत नाही. त्यावर मद्यार्काचा थेंब म्हणजे जखमेवर तिखट. माणूस दहा सेकंदात गिळून टाकतो, आणि जिभेखाली धरण्याचा सगळा फायदा गेला. तेल चरचरत नाही. ६० ते ९० सेकंद आरामात धरता येतं. खर्रा किंवा तंबाखू तोंडात असेल तर आधी चूळ भरा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा.

खरं सांगायचं तर तेलाचाही बराच भाग लाळेबरोबर पोटातच जातो. म्हणून असर दोन टप्प्यांत येतो: थोडा १५ ते ४५ मिनिटांत, उरलेला तासा-दोन तासांनी. पोटातून गेलेलं टीएचसी यकृतात आणखी जोरकस रूपात बदलतं, म्हणून दुसरा टप्पा कधीकधी पहिल्यापेक्षा भारी असतो. अर्ध्या तासात काही वाटलं नाही म्हणून पुन्हा थेंब घेणं ही नवख्यांची ठरलेली चूक आहे.

मद्यार्काची दुसरी अडचण थेंबाची. त्याचा थेंब तेलापेक्षा लहान पडतो, त्यामुळे ‘पाच थेंब घ्या’ हा सल्ला एका बाटलीवरून दुसऱ्या बाटलीला लागू होत नाही. तिसरी आपल्या उन्हाळ्याची. मे महिन्यात टिनाच्या घरात झाकण सैल राहिलं तर मद्यार्क उडतो आणि खाली राहिलेला अर्क घट्ट होतो. महिन्याभरापूर्वीचाच थेंब आता जास्त ताकदीचा झालेला असतो, आणि लेबल तेच सांगत असतं.

आणि घरी अर्क काढण्याचा विचार असेल तर, कायदा बाजूला ठेवला तरी, दुकानातलं स्पिरिट पोटात घेण्याचं नसतं. त्यात मिथेनॉल असू शकतं आणि ते डोळे घेतं, जीवही घेतं. सॅनिटायझरचंही तेच. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, तिथे पिण्याचा मद्यार्क आणणं हाच वेगळा गुन्हा.

मोजणी: इथे घाई नको

ड्रॉपरवरच्या रेषांवर विसंबू नका. मेडिकलमधून १ मिलीची, सुई वेगळी निघणारी टीबी सिरिंज आणा. सुई काढून टाका. तिच्यावर ०.०१ मिलीपर्यंत खुणा असतात. इन्सुलिनच्या बऱ्याच सिरिंजची सुई निघत नाही आणि तिच्यावर मिलीऐवजी युनिट असतात, म्हणून ती नको.

आता दोन बाटल्या शेजारी ठेवा. पहिली ३० मिलीची, अहवालाप्रमाणे एकूण टीएचसी ३०० मिलीग्रॅम. म्हणजे १ मिलीत १० मिलीग्रॅम, आणि ०.१ मिलीत १. दुसरी १० मिलीची, त्यात ५०० मिलीग्रॅम. म्हणजे १ मिलीत ५०. दुसरी दर मिलीग्रॅममागे स्वस्त पडते, म्हणून दुकानदार तीच पुढे करतो. पण तेलाचे मिलीत साधारण २५ थेंब धरले तर पहिल्या बाटलीत एक थेंब चुकला की ०.४ मिलीग्रॅमची चूक, दुसऱ्या बाटलीत २ मिलीग्रॅमची. सुरुवातीची अख्खी मात्राच १ ते २.५ मिलीग्रॅम असते. चार पैसे जास्त गेले तरी पहिली बाटली घ्या.

वैद्यांनी वेगळं सांगितलं नसेल तर टीएचसीची चढण अशी ठेवतात. पहिल्या तीन रात्री १ मिलीग्रॅम, म्हणजे पहिल्या बाटलीतून ०.१ मिली. पुढच्या तीन रात्री २. मग २.५. पुढे दर दोन-तीन दिवसांनी जरा जरा. साठीच्या पुढच्यांनी प्रत्येक पायरीवर आठवडाभर थांबावं. जिथे दुखणं सुसह्य झालं तिथेच थांबायचं. पाचपर्यंत येऊनही फरक नसेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. दिवसा काम करायचंय आणि डोकं जागेवर हवंय अशांना सीबीडी जास्त असलेलं तेल बरं. ते ५ मिलीग्रॅम सकाळ-संध्याकाळ असं सुरू करतात.

रोज एकाच वेळी आणि पोटाच्या एकाच अवस्थेत घ्या. तुपा-तेलाच्या जेवणानंतर सीबीडी उपाशीपोटापेक्षा कितीतरी पटीने जास्त शोषलं जातं. लग्नातल्या पंगतीनंतर रोजचीच मात्रा अचानक भारी वाटते ती याने. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितात तसं तारखेखाली लिहा: किती मिली, किती वाजता, झोप किती, सकाळी चक्कर होती का. दहा दिवसांनी वैद्यांना दाखवायला याहून चांगला कागद नाही.

आणखी एक, शहरातल्या सल्ल्यात जे कधी सापडत नाही. ज्या आठवड्यात ओलिताची लाइट रात्री येते, त्या आठवड्यात रात्रीचा थेंब नको. अंधारात धुऱ्यावरून जायचं, स्टार्टरला हात लावायचा, विहिरीच्या काठावर उभं राहायचं, आणि टीएचसीने उभं राहताना रक्तदाब खाली येतो. थेंबानंतर किमान ८ तास मोटारसायकल, ट्रॅक्टर, थ्रेशर, काही नाही.

कॅप्सूल

मोजणीची कटकट नाही, चव नाही, तोंडाला त्रास नाही. हात थरथरणाऱ्या, चष्म्याशिवाय खुणा न दिसणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि तोंड न उघडणाऱ्यांना हीच द्यावी. उणं एवढंच की असर सुरू व्हायला दोन तासही लागतात, तो ६ ते ८ तास राहतो, आणि मात्रा अर्धी करता येत नाही. पहिली कॅप्सूल जड गेली तर ती रात्र तशीच काढावी लागते.

घोटलेली भांग

सणाची गोष्ट वेगळी, इथे औषध म्हणून बोलतोय. पानाची ताकद झाडागणिक बदलते. घोटलेल्या पानाचा गाळ भांड्याच्या तळाशी बसतो, त्यामुळे वरचा गिलास हलका आणि शेवटचा भारी. दीड तास काही होत नाही, मग ‘आपल्याला नाही चढत’ म्हणून दुसरा गिलास, आणि मग दोन्ही एकदम चढतात. चिलमीचा असर मिनिटांत येतो हे खरं, पण ती बेकायदा आणि फुप्फुसाला वाईट.

कोणी यात पडूच नये

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, पंचविशीच्या आतली मुलं, स्वतःला किंवा घरात कुणाला वेड-भ्रमाचा आजार असलेले, हृदयविकाराचे रुग्ण. वॉरफरिन घेणाऱ्यांचं रक्त सीबीडीने आणखी पातळ होऊ शकतं. फिटच्या औषधांपैकी क्लोबाझामने गुंगी वाढते, व्हॅल्प्रोएटबरोबर यकृतावर ताण येतो. झोपेची गोळी किंवा दारू सोबत तर अजिबात नको.

नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि त्यांचं दुखणं असह्य असतं. म्हणून हा प्रश्न तिथून हमखास येतो. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध बंद करून थेंब घेऊ नयेत. ताप किंवा छातीत दुखत असेल तर थेंबाने ते झाकण्याऐवजी थेट दवाखाना गाठावा.

जास्त झालं तर

तोंड कोरडं, डोळे लाल, छाती धडधडते, आता मरतो असं वाटतं. मोठा माणूस शुद्धीवर असेल तर त्याला शांत खोलीत कुशीवर निजवा, पाण्याचे घोट द्या, सोबत बसा. काही तासांत उतरतं. चिंच-लिंबाचं पाणी शुद्धीवरच्या माणसाला दिलं तर बिघडत नाही, पण त्याने उतरतं म्हणून दवाखाना लांबवू नका. बेशुद्धाच्या तोंडात काहीही ओतू नये. छातीत कळ, न थांबणाऱ्या ओकाऱ्या, हलवूनही जाग न येणं: १०८ ला फोन. लहान मुलाने एक थेंब जरी चाटला तरी वाट न बघता १०८.

फवारणीच्या दिवसांत एक फरक लक्षात ठेवा. २०१७ ला यवतमाळात फवारणी करताना कीटकनाशकाची विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांना माहीत आहे. फवारून आलेल्या माणसाला चक्कर-मळमळ होत असेल आणि तोंडातून लाळ गळत असेल, घाम फुटला असेल, डोळ्यांतली बाहुली टाचणीएवढी झाली असेल, तर ते कीटकनाशक आहे. विजयेने तोंड कोरडं पडतं. ‘थेंब जास्त झाले असतील’ म्हणत त्याला झोपवून ठेवणं जिवावर बेतू शकतं. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, आणि औषधाचा डबा घेऊन दवाखान्यात न्या.

ठेवायचं कुठे

कुलपाच्या पेटीत, माठाच्या खोलीतल्या थंड कोपऱ्यात, उभी बाटली. टिनाखालच्या फळीवर ठेवली तर उन्हाने टीएचसी मोडत जातं. डिसेंबरात खोबरेल तेलातला अर्क थिजतो. तेव्हा बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि चांगली हलवा. अर्धवट थिजलेल्या तेलातून सिरिंज भरली तर आज पातळ आणि उद्या घट्ट भाग येतो, आणि कॅलेंडरवरचे सगळे आकडे खोटे ठरतात.