गिअरबॉक्स बदलल्यावर क्लच घसरतोय? परतवाड्याकडच्या एका गॅरेजचं काम

जुना गिअरबॉक्स आणून बसवला आणि आठ-पंधरा दिवसांत क्लच घसरायला लागला, की बहुतेक मिस्त्री एकच सांगतात: प्लेट गेली, नवा सेट टाका. अचलपूर तालुक्यातलं हे गॅरेज आधी गाडी तपासतं आणि मगच पाना हातात घेतं. त्यासाठीच हा अभिप्राय.

गाडी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचची पिकअप. क्लचचा तीन भागांचा सेट नवा. गिअरबॉक्स त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा, भंगारातून आणून दुसरीकडे बसवलेला. संत्रा भरून चिखलदऱ्याचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडायचं, वेग तिथेच राहायचा आणि जळका वास यायचा.

पहिली तपासणी सपाट रस्त्यावर झाली. टॉप गिअर, 40 ते 50 चा वेग आणि ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण. आरपीएम उडाला आणि वेग वाढला नाही, म्हणजे क्लच घसरतोय हे नक्की. हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पडतं का हे इथे पुन्हा पुन्हा बघत नाहीत. ते बरोबरच आहे, कारण अशा प्रत्येक वेळी प्लेट तापते.

त्यानंतरचं काम खरं पाहण्यासारखं आहे. स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सजवळचा, क्लचचा काटा ढकलणारा छोटा सिलिंडर) ब्लीडर निपल, म्हणजे तेल-हवा सोडायचं तोंड, उघडून लाइनमधला दाब सोडला. दाब सुटल्यावर काटा (क्लचचं बेअरिंग ढकलणारा दांडा) मागे आला आणि क्लचने पकड घेतली, तर दोष वरच्या बाजूला असतो: पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला (ढकलणाऱ्या दांडीला) प्ले, म्हणजे मोकळी जागा, नाही, किंवा तेल टाकीत परत जायचं बारीक भोक बुजलंय. तेवढं पेडलखालीच सुटतं, गिअरबॉक्स उतरवायची गरज पडत नाही. या गाडीत निपल उघडूनही काही फरक पडला नाही. मग रबरी बूट काढून क्लचचा काटा स्लेव्हच्या दिशेने हाताने दाबला. पिस्टन थोडा तरी आत जायला हवा होता. तो आधीच तळाला टेकलेला होता.

म्हणजे रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) पेडल न दाबताही प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीच्या, पाकळ्या दाबून धरत होतं. अर्धा क्लच कायम दाबलेला असावा तसंच हे. प्लेट झिजते तशा पाकळ्या गिअरबॉक्सकडे सरकतात. त्यामुळे पहिल्या दिवशी जेमतेम चालणारी गाडी काही शे किलोमीटरनंतर घसरू लागते, आणि दोष नव्या प्लेटवर जातो.

कारण निघालं ते भंगारातल्या गिअरबॉक्ससोबत आलेल्या काट्यात आणि बेअरिंगच्या कॉलरमध्ये (बेअरिंग बसतं ती नळी). व्हर्निअरने मोजल्यावर कॉलर जवळपास 4 मि.मी. जास्त उंच भरला. बेल हाउसिंगचे (क्लचवरच्या घंटेसारख्या कव्हरचे) बोल्ट जुळले म्हणजे आतलं सगळं जुळलं, असं समजू नका. स्लेव्हचा पुशरॉड घासून आखूड करायचा जुगाड इथे केला नाही, तेही चांगलं केलं. तसं केल्याने काट्याचा कोन बदलतो आणि मग क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खरखरतात. गाडीच्या मूळ प्रेशर प्लेटला जुळणारा काटा, तो ज्यावर टेकून हलतो ती गोळी आणि बेअरिंग अमरावतीहून मागवून बसवलं.

गिअरबॉक्स उतरवलाच आहे म्हटल्यावर इनपुट शाफ्टचा (क्लच प्लेट बसते त्या गिअरबॉक्सच्या दांड्याचा) ऑइल सील बदलला आणि इंजिनच्या क्रँकचा मागचा सीलही पाहिला. प्लेटवर तेल दिसलं तर वास घ्या. गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास लगेच ओळखू येतो. इंजिन ऑइल काळं असतं आणि त्याला तो वास नसतो. तेल पिलेली प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नका, ती गेलीच समजा. नवी प्लेट इनपुट शाफ्टवर सरकवून बघितली: सहज सरकायला हवी, पण गोल फिरवताना ढिली लागायला नको. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या उभ्या खाचांना) ग्रीस फक्त बोटाने पुसल्याएवढं. जास्त झालं तर फिरताना उडून प्लेटवरच जातं. प्लेटची ‘फ्लायव्हील साइड’ लिहिलेली बाजू फ्लायव्हीलकडेच (इंजिनच्या जड चाकाकडेच) गेली का, हे डमी शाफ्ट (प्लेट मधोमध धरणारा दांडा) लावायच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवलं.

आता कमी काय पडलं ते. फ्लायव्हीलवर तापल्याचे निळे डाग होते, पण ते पॉलिश पेपरने घासून भागवायचा बेत होता. इथे लेथ नाही. डाग आणि बारीक तडे असतील तर फ्लायव्हील लेथवर पाठवा म्हणून अडून बसा. पायरी असलेलं फ्लायव्हील असेल तर दोन्ही पातळ्या सारख्याच कापायला सांगा. फक्त प्लेट टेकते तीच बाजू कापली, तर प्रेशर प्लेटचा दाब कमी होतो आणि क्लच पुन्हा घसरतो. दुसरं म्हणजे प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळले ते योग्य, पण टॉर्क पाना (ठरलेल्या ताकदीनेच आवळणारा) वापरला नाही, अंदाजाने ताणले. एवढं काम जमणाऱ्या माणसाकडे तो पाना असायलाच हवा.

दोन दिवस लागले, त्यातला एक सुटे भाग येण्यात गेला. बिलावर प्रत्येक भागाचा नंबर लिहिलेला होता आणि जुने भाग पोत्यात घालून परत दिले. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू व्हायच्या आधीच गाडी न्या, नंतर तिथे रांग लागते.

पहिले 500 किलोमीटर भरलेला माल घेऊन घाट चढू नका, क्लचवर पाय ठेवून चालवू नका. त्यानंतर बूट काढून स्लेव्हचा पिस्टन किती मागे जातो ते तपासायला गॅरेज फुकट बोलावतं. तेवढ्यासाठी चक्कर माराच.