मण्यांच्या ॲनीलिंगची भट्टी: कमाल तापमान सोडा, दार बघा

भट्टीच्या माहितीपत्रकात सगळ्यात ठळक छापलेला आकडा कमाल तापमानाचा असतो. १०९३ अंश, १२३० अंश. टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर काच वितळवून, मणी करणाऱ्याला तो जवळपास निरुपयोगी आहे. मण्याला भट्टीत वितळायचं नसतं. त्याला ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास निवांत बसायचं असतं आणि मग सावकाश खाली उतरायचं असतं, म्हणजे काचेतला ताण सुटतो. यालाच ॲनीलिंग म्हणतात. चढायला काय, कुठलीही भट्टी चढते. दर दहा मिनिटांनी दार उघडून नवा मणी आत सरकवताना ती किती डगमगते आणि सगळं आटोपल्यावर किती शिस्तीत थंड होते, यावर तिची परीक्षा करायची.

आधी काचेचं गणित. इफेत्रे कंपनीच्या काचेसारखी १०४ सीओईची (सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरते त्याचा आकडा) मऊ काच ५१० ते ५२० अंशांवर ॲनील होते, बुल्सआय कंपनीची ९० सीओईची ४८२ वर, तर बोरोसिलिकेटला ५६५ च्या आसपास लागतात. ॲनीलिंग पॉइंटला काचेतला ताण साधारण १५ मिनिटांत सुटतो. स्ट्रेन पॉइंटला, म्हणजे मऊ काचेच्या बाबतीत ४५० च्या आसपास, तेवढाच ताण सुटायला ४ तास लागतात. त्यामुळे पडद्यावर ५१५ दिसतंय पण मण्यापाशी प्रत्यक्षात ४७० आहेत, अशी भट्टी असेल तर तासभर ठेवूनही मणी अर्धाकच्चाच बाहेर येतो. तो लगेच तडकत नाही, हीच खरी पंचाईत. गिऱ्हाइकाच्या गळ्यात दोन महिने राहून मग एखाद्या थंड सकाळी भोकापासून चीर जाते. उलट ५४०-५५० झाले तर मऊ मण्याच्या पोटावर खाली अंथरलेल्या सिरॅमिक फायबरची वीण उमटते.

आता दार. मणी सळईवर, म्हणजे मँड्रेलवर असतो. १.६ किंवा २.४ मिलिमीटर जाडीची आणि २३ ते ३० सेंटिमीटर लांबीची स्टेनलेसची सळई. मणी आत आणि सळईचं मोकळं टोक बाहेर, अशी सोय हवी. त्यासाठी मुख्य दारात किंवा भिंतीत एक बुटकी, आडवी झडप असते, तिलाच बीड डोअर म्हणतात. ही झडप नसलेली भट्टी रोजच्या कामाला घेऊ नये. मुख्य दार पूर्ण उघडलं की आतली गरम हवा एका दमात बाहेर पडते. तापमान टिपणाऱ्या थर्मोकपलला गारवा लागतो आणि कंट्रोलर भट्टी तापवणाऱ्या तारा पूर्ण जोरात पेटवतो. हवा पुन्हा तापेपर्यंत तारांच्या शेजारचे मणी मात्र गरजेपेक्षा जास्त तापून बसतात. पडद्यावर ५१५ परत आले म्हणून सगळं ठीक, असं नसतं.

झडप वर उचलली जाणारी असेल तर उत्तम. तिचा तापलेला आतला भाग वर जातो, हात खाली राहतो. खाली पडणारी झडप उघडली की तोच तापलेला तुकडा तुमच्या मनगटाखाली येतो, आणि एका हातात मणी फिरता ठेवून दुसऱ्या हाताने ती सांभाळणं जिकिरीचं होतं. झडपेच्या कडेला सळयांसाठी खाचा आहेत का तेही बघा. खाचा नसतील तर झडप सळयांवर टेकून अर्धवट उघडी राहते आणि तिच्याजवळचा पट्टा थंड पडतो.

वरून उघडणाऱ्या विटांच्या भट्ट्या, म्हणजे मातीकामवाल्यांच्या छोट्या भट्ट्या, पुष्कळदा आयत्या मिळतात. त्यांचा मोठा गुण म्हणजे इन्सुलेटिंग विटेत साठलेली उष्णता. मध्येच वीज गेली तरी त्या हळूच उतरतात, आणि छोट्या मण्यांचं बहुधा निभावून जातं. पण झाकण उघडून ज्योतीवरचा मणी वरून आत सोडणं म्हणजे तापलेल्या हवेच्या झोतात हात घालणं. भरीला बहुतेकींत तारा खाचेत उघड्या असतात. स्टेनलेसची सळई चालू तारेला टेकली तर शॉक थेट हाताला. अशी भट्टी फक्त आधी थंड केलेले मणी एकगठ्ठा ॲनील करायला वापरावी. मणी ज्योतीवरून उतरवून सिरॅमिक फायबरच्या ब्लँकेटमध्ये किंवा व्हर्मिक्युलाइट या हलक्या खनिजाच्या दाण्यांमध्ये गार करायचे आणि नंतर थंड भट्टीत मांडून ताशी १५०-२०० अंशांनी चढवायचे. (नुसत्या ब्लँकेटला ॲनीलिंग समजणारे भेटतात. ब्लँकेट मणी फुटण्यापासून वाचवतं, ताण काढत नाही.) मोठे किंवा मधे बारीक मान असलेले मणी या वाटेने गेले की काही गार होतानाच फुटतात.

दुसरा प्रकार समोरून उघडणाऱ्या, सिरॅमिक फायबरच्या छोट्या भट्ट्यांचा. पॅरागॉनची एससी-२ हे याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. आतली जागा साधारण २० सेंटिमीटर रुंद, तितकीच खोल आणि साडेचौदा उंच, तारा फायबरमध्ये बुजवलेल्या आणि बीड डोअर पर्याय म्हणून. घेताना तो पर्याय आठवणीने मागायचा. वजनाला हलकी, टेबलावर मावते, चढते भराभर. ज्याला मण्यांबरोबर मेटल क्ले (धातूच्या भुकटीची माती) किंवा एनॅमलही करायचं आहे त्याला हीच घ्या असं सांगावं, कारण तिथे कमाल तापमानाचा आकडा खरोखर कामी येतो. निव्वळ मण्यांसाठी तिच्या दोन उण्या बाजू. एक, फायबरमध्ये उष्णता साठत नाही, त्यामुळे वीज गेली की ती झपाट्याने उतरते. दोन, दाराकडच्या बाजूला तारा नसतात, म्हणून पुढचा भाग मागच्यापेक्षा थंड राहतो, आणि सळयांवरचे मणी नेमके पुढेच असतात. सळया जरा तिरप्या आत सरकवून मणी मध्यापलीकडे नेले तर हा फरक बराच भरून निघतो. फायबर खरवडू नका, त्यावर फुंकर मारू नका. त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. मास्क लावून ओल्या फडक्याने टिपायचं.

तिसरा प्रकार खास मण्यांसाठीच्या रुंद, बुटक्या, कमी खोलीच्या भट्ट्यांचा. झडप जवळजवळ पूर्ण रुंदीची असते आणि तारा छताला किंवा मागे, सळईच्या वाटेबाहेर. दिवसाला २५-३० मणी करणाऱ्याने डोळे झाकून हीच घ्यावी. दोन मण्यांत अडीच सेंटिमीटर अंतर धरलं तर ३५ सेंटिमीटर रुंदीत एका रांगेत १४ सळया बसतात. मण्यांपलीकडे हिचा उपयोग तोकडा, हे मात्र खरं.

मणी आत ठेवण्याचा क्षण कुठल्याही भट्टीत तोच असतो. ज्योतीतून काढलेला मणी लालसर असतो तोवर भट्टीत न्यायचा नाही. तसाच ठेवला तर शेजारच्या मण्याला चिकटतो, नाहीतर सपाट होतो. ज्योतीबाहेर फिरवत राहायचं. आतला लालपणा विझला आणि पृष्ठभाग स्थिर दिसला की एकदा ज्योतीच्या टोकावरून हलकेच फिरवून घ्यायचा, म्हणजे वरची साल आतल्या गाभ्याच्या मानाने फार थंड राहत नाही, आणि सरळ झडपेत. उशीर झाला तर भट्टीत गेल्यावर टिक असा बारीक आवाज येतो. तो मणी गेला.

कंट्रोलरच्या बाबतीत काटकसर करू नये. नुसत्या गोल बटणाच्या भट्टीत तापमान धरता येतं, पण उतरणीचा वेग धरता येत नाही. रॅम्प (ठरल्या वेगाने चढ-उतार) आणि सोक (एकाच तापमानावर थांबणं) यांचे किमान चार टप्पे हवेत. १५ मिलिमीटरपर्यंतच्या १०४ च्या मण्यांना शेवटचा मणी ठेवल्यापासून ५१५ वर ४५ ते ६० मिनिटं, मग ताशी ६० अंशांनी ४२५ पर्यंत, पुढे ताशी १०० ने ३७० पर्यंत, आणि तिथून बंद. दार खोलीच्या तापमानाला आल्यावरच. मणी जाड झाला की सोक वाढवायचा आणि उतरणही मंद करायची. चांदी असलेल्या काचेचे आणि स्ट्रायकिंग (पुन्हा तापवल्यावर रंग उमलणारे) लाल मणी लांबलचक सोकमध्ये रंग बदलतात, त्यांना ५०० ते ५०५ बरे.

तारांची वीज चालू-बंद करणारा रिले यांत्रिक असेल तर टकटक ऐकू येते आणि तो झिजतो. सॉलिड स्टेट रिले गप्प असतो आणि भराभर चालू-बंद होऊन तापमान सपाट धरतो, पण बिघडला तर बहुधा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. म्हणून मर्यादेपलीकडे वीज तोडणारा वेगळा संरक्षक आहे का ते विचारा. मुख्य दार उघडताच तारा बंद करणारा स्विच तर हवाच. झडपेवर तो सहसा नसतो, त्यामुळे झडपेतून जाणारी सळई तारेपर्यंत पोचते का, हे भट्टी बंद असतानाच थंड सळईने चाचपून घ्यायचं.

व्होल्टेजची चूक सगळ्यात महागात पडते. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२० व्होल्टची भट्टी २३० वर लावली तर तारांतून सुमारे पावणेचारपट शक्ती जाते आणि कंट्रोलरसकट सगळं जळतं. २४० ची भट्टी २२० वर चालते, पण ८४ टक्केच जोराने. मण्यांना तेवढं पुरतं.

भट्टी आल्यावर पहिल्या दिवशी मणी घालायचे नाहीत. एकाच काचेच्या, एकाच जाडीच्या बारीक कांड्या चार कोपऱ्यांत आणि झडपेपाशी विटेच्या दोन तुकड्यांवर पुलासारख्या ठेवा आणि ताशी १०० अंशांनी चढवत सगळ्यात गरम कोपऱ्यातली कांडी वाकली की थांबा. जी सरळच राहिली तिथे थंड पट्टा आहे, आणि नेमके कुठे मणी ठेवायचे नाहीत ते एका नजरेत कळतं. पारदर्शक मणी झाल्यावर दोन पोलरॉइड (एकाच दिशेचा प्रकाश गाळणाऱ्या) फिल्म एकमेकींना आडव्या धरून त्यांच्यामध्ये मणी बघायचा. भोकाभोवती पांढरा झगझगीत फुलीसारखा आकार दिसला तर ताण शिल्लक आहे. अपारदर्शक मण्यात हे दिसत नाही, म्हणून प्रत्येक घाण्यात एखादा पारदर्शक मणी साक्षीला ठेवावा.

कधीकाळी थर्मोकपल बदलायची वेळ आली तर तारांचे रंग बघून जोडा. के टाइप या प्रकारच्या थर्मोकपलमध्ये अमेरिकी पद्धतीत पिवळी धन आणि लाल ऋण असते. लाल म्हणजे धन हा विजेच्या कामातला समज इथे उलटा पडतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी धन, पांढरी ऋण. उलट जोडली तर भट्टी तापत जाते आणि पडद्यावरचा आकडा खाली घसरत जातो, कंट्रोलर आणखी वीज देत राहतो. असा आकडा उतरताना दिसला की आधी प्लग काढा.