घरी बांधलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आणि इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन : सोलापुरातील उन्हाळ्यानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर बांधून पूर्ण झालेला हा अ‍ॅम्प्लिफायर तेव्हापासून जवळजवळ रोज वापरात आहे. संपूर्ण उन्हाळा आणि पावसाळ्याचे पहिले आठवडे त्याने काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की अशा यंत्राचा आवाज आणि आयुष्य व्हॉल्व्हपेक्षा (म्हणजे काचेच्या निर्वात नळीपेक्षा) त्याचा वीजपुरवठा अधिक ठरवतो. कोणत्या कंपनीचा व्हॉल्व्ह गोड वाजतो यावर आपण हौशी मंडळी तासन्‌तास बोलतो. तेवढेच लक्ष ट्रान्सफॉर्मर, व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आणि हवा खेळण्याच्या जागेकडे दिले, तर सोलापूरसारख्या गावातही हे यंत्र निर्धास्तपणे चालते.

माझ्याकडे स्टॅक्सचा एसआर-एल३०० हा हेडफोन आहे. ही जपानी कंपनी १९३८ सालची असून तिचा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन १९६० साली आला. त्यात कॉइल किंवा चुंबक नसतो. अतिशय पातळ प्लास्टिकचा पडदा दोन सच्छिद्र स्टेटरांच्या (जागच्या जागी राहणाऱ्या वाहक पट्ट्यांच्या) मधोमध ताणलेला असतो, त्याला ५८० व्होल्टचा बायस, म्हणजे कायमचा स्थिर व्होल्टेज, दिलेला असतो आणि दोन्ही स्टेटरांना संगीताचा व्होल्टेज परस्परविरुद्ध दिशेने मिळतो. म्हणूनच साध्या हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर येथे उपयोगाचा नाही आणि व्हॉल्व्ह मात्र अगदी चपखल बसतो, कारण शेकडो व्होल्ट हाताळणे हा त्याचा मूळचाच धर्म आहे.

कंपनीच्या माहितीनुसार १०० व्होल्टला १०१ डेसिबल आवाज मिळतो. याचा अर्थ, रात्री शांतपणे ऐकताना सरासरी दहा-पंधरा व्होल्टच पुरतात. मोठा व्होल्टेज लागतो तो तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी. केबलसह हेडफोनची धारकता, म्हणजे विद्युत भार साठवण्याची क्षमता, सुमारे ११० पिकोफॅरड आहे. २० किलोहर्ट्झला ४०० व्होल्टचे शिखर गाठायचे झाल्यास साडेपाच मिलिअँपिअर प्रवाह केवळ ही धारकता भरण्या-रिकामी करण्यात जातो. आउटपुटच्या व्हॉल्व्हला साधे लोड रेझिस्टर दिले, तर त्याच प्रवाहाचा मोठा वाटा ते रेझिस्टर खातात. म्हणून मी तेथे मॉस्फेट या ट्रान्झिस्टरचे, प्रवाह कायम एकसारखा ठेवणारे स्थिर-प्रवाह स्रोत वापरले आहेत. इनपुटला ईसीसी८३ व्हॉल्व्ह, आउटपुटला चार ईएल३४ व्हॉल्व्ह आणि अधिक-उणे ४०० व्होल्टचा रेग्युलेटेड पुरवठा अशी एकूण मांडणी आहे. केविन गिलमोर यांच्या ‘ब्लू हवाई’ या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या गाजलेल्या रचनेतही आउटपुटला ईएल३४च आहेत. हा व्हॉल्व्ह आजही नवा तयार होतो आणि सहज बदलता येतो, ही गोष्ट मला जुन्या दुर्मीळ व्हॉल्व्हच्या आकर्षणापेक्षा महत्त्वाची वाटते.

आता वीजपुरवठ्याविषयी. आमच्या भागात आजूबाजूला यंत्रमाग आहेत. दिवसा व्होल्टेज बरेच खाली उतरते आणि रात्री माग थांबले की चढते. पुरवठा रेग्युलेटेड नसेल, तर या चढउताराबरोबर व्हॉल्व्हचा कार्यबिंदू (शांत स्थितीतला व्होल्टेज आणि प्रवाह) सरकतो आणि दोन स्टेटरांमध्ये स्थिर (डीसी) व्होल्टेजचा फरक उभा राहतो. दुसरीकडे, पडत्या व्होल्टेजलाही रेग्युलेटर टिकावा म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला (बाहेरच्या बाजूच्या वाइंडिंगला) जास्त वेढे दिले, तर रात्रीचा वाढीव व्होल्टेज उष्णता होऊन रेग्युलेटरच्या मॉस्फेटवर येतो. दोन्ही टोके सांभाळून उष्णता बाहेर टाकणारे हीटसिंक ठरवावे लागते, आणि ते हिशेबापेक्षा एक माप मोठेच घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन.

ट्रान्सफॉर्मर मी सोलापुरातच, यंत्रमागाच्या मोटारी भरणाऱ्या एका कारागिराकडून भरून घेतला. ईएल३४मध्ये हीटर (तापणारी तार) आणि त्याने तापणारा कॅथोड यांच्यातील फरक १०० व्होल्टच्या आत ठेवावा लागतो. येथे आउटपुटचे कॅथोड उणे ४०० व्होल्टच्या आसपास असल्याने त्यांच्या हीटरचे वाइंडिंग जमिनीला न जोडता त्याच पातळीवर ठेवावे लागते, आणि मग त्या वाइंडिंगचे इन्सुलेशन साधे चालत नाही. मी हे समजावून सांगू लागताच ते म्हणाले, “सर, म्हणजे सहा व्होल्टच्या तारेला चारशे व्होल्टचा कागद घालायचा. घालू की.” त्यांनी प्रत्येक थरात पॉलिएस्टर फिल्म घातली आणि ट्रान्सफॉर्मर हाती देण्यापूर्वी प्रत्येक वाइंडिंग मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर) तपासून दाखवले. तयार ट्रान्सफॉर्मर परगावाहून मागवण्यापेक्षा हे मला अधिक भरवशाचे वाटले.

बायसचा पुरवठा सोपा आहे, पण तो मोजताना अनेकांचा गोंधळ उडतो. सुरक्षेसाठी ५८० व्होल्ट आणि हेडफोनची पिन यांच्यामध्ये ४.७ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध बहुधा १० मेगाओहम असतो. तो पिनवर टेकवला, की दोन्ही रोधांत व्होल्टेज वाटला जातो आणि मीटर ३९५ च्या आसपास आकडा दाखवतो. बायस बिघडलेला नसतो. रेझिस्टरच्या अलीकडे, पुरवठ्याच्या बाजूला, मोजले की ५८० मिळतातच. मीटर मात्र १००० व्होल्ट डीसीचाच हवा, कारण अधिक आणि उणे ४०० व्होल्टच्या दोन्ही रेलमधील फरक ८०० व्होल्ट आहे.

या व्होल्टेजने माणूस दगावू शकतो, हे येथे स्पष्टपणे लिहिणे माझे कर्तव्य आहे. प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये भार उरतो. प्रत्येक कपॅसिटरवर तो भार हळूहळू उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर लावावा आणि मीटरवर व्होल्टेज शून्याजवळ आल्याचे पाहिल्याशिवाय आत हात घालू नये. चालू अवस्थेत मोजताना एकच हात वापरावा. घराचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि चॅसी त्याला पक्की जोडावी. ज्यांनी आधी कमी व्होल्टेजचे एखादे यंत्र बांधून व्यवस्थित चालवलेले नाही, त्यांनी या कामाला हात घालू नये.

उन्हाळ्यात खरी परीक्षा झाली. चार ईएल३४चे हीटरच सुमारे ३८ वॅट घेतात. एकूण यंत्र गाणे चालू असो वा नसो, शंभर वॅटहून अधिक उष्णता सतत खोलीत सोडते. मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ अंशांवर असताना दुपारी ऐकणे मी बंदच ठेवले. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येते, म्हणून १०५ अंशांचेच कपॅसिटर घेतले आहेत आणि ते व्हॉल्व्हपासून दूर, चॅसीच्या खालच्या अंगाला बसवले आहेत. दोन स्टेटरांमधील डीसी समतोल मी महिन्यातून एकदा पाहतो. पहिल्या काही आठवड्यांत तो जरा सरकत असे, नंतर व्हॉल्व्ह मुरले आणि तो स्थिर झाला.

आवाजाबद्दल सांगायचे तर तानपुरा ऐकताना या जोडीचे मोल कळते. चारही तारांची जवारी वेगवेगळी उलगडते आणि गायकाचा षड्ज तिच्यात मिसळतो त्या जागी दोन्ही स्वर एकमेकांना झाकत नाहीत. किशोरी आमोणकर यांच्या आलापीतील स्वर सोडतानाचा हलका श्वास आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या तानेतील दाणा मला पूर्वीच्या चांगल्या हेडफोनवर इतका स्वच्छ कधी ऐकू आला नव्हता. तबल्याची चाट लख्ख येते. बायाची घुमक सुरेल आणि नेमकी आहे, पण छातीत बसणारा धक्का नाही. ढोलकीच्या फडावर जीव असणाऱ्यांना येथे काही उणे वाटेल, आणि ते मान्य केले पाहिजे. जुन्या ध्वनिमुद्रणांतील खरखरही तितकीच उघडी पडते. हेडफोन मागून उघडा असल्याने शेजारचे माग चालू असताना नाजूक संगीत ऐकण्यात अर्थ नाही. मी रात्री दहानंतरच बसतो.

आपली कोरडी हवा या पडद्यांना मानवते, मात्र धूळ मानवत नाही. केस किंवा कण आत गेला, तर पडद्यापाशी चरचर किंवा शिट्टीसारखा आवाज होऊ शकतो. त्यामुळे वापर संपला की हेडफोन झाकणाच्या डब्यात ठेवतो. पावसाळी दमट दिवशी आधी अर्धा तास बायस चालू ठेवला, तर दोन्ही कानांचा आवाज समान राहतो.

एकूण खर्चात व्हॉल्व्हचा वाटा लहान आहे. ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, कपॅसिटर आणि पेटी यांनीच निम्म्याहून अधिक रक्कम घेतली. काटकसर करायचीच असेल, तर ती पेटीच्या रंगरूपात करावी, आणि ईएल३४ चारही जुळवलेले घ्यावेत, सोबत एक जुळती जोडी राखीव ठेवावी.