ईसीएमवर ठपका ठेवण्याआधी: दारव्हा मार्गावरील ऑटो इलेक्ट्रिकल वर्कशॉप

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या वर्कशॉपने माझ्या डिझेल गाडीचा ईसीएम (इंजिनाचे काम नियंत्रित करणारा संगणक) गेल्याचे सांगून नवा टाकण्याचा खर्च पुढे ठेवला, तेव्हा दुसरे मत घेण्यासाठी मी यवतमाळ-दारव्हा मार्गावरील या लहानशा वर्कशॉपमध्ये गेलो. चालती गाडी अचानक बंद पडणे, पिकअप तुटणे, चेक इंजिनचा दिवा मध्येच लागून विझणे आणि अ‍ॅव्हरेज घसरणे ही लक्षणे ईसीएमच्या बिघाडाची असू शकतात. परंतु यांपैकी एकही लक्षण केवळ त्याचेच नसते, आणि येथील कारागिरांची तपासणी याच जाणिवेने चालते.

स्कॅनर (ईसीएमने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) जोडण्याआधी त्यांनी मल्टिमीटरने बॅटरी पाहिली. इंजिन बंद असताना सुमारे १२.६ आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेल्यास चांगला ईसीएमही भलतेच कोड नोंदवतो. त्यानंतर फ्यूज, मुख्य रिले आणि अर्थिंग तपासून झाल्यावर त्यांनी सेन्सरांचे प्लग एकेक करून काढले, कारण अनेक सेन्सरांना ईसीएमकडून ५ व्होल्टचा सामाईक पुरवठा मिळतो आणि एका ठिकाणी शॉर्ट झाले तरी तो पुरवठा कोसळून एकाच वेळी बरेच कोड येतात. माझ्या गाडीत हेच घडले होते: इंजिनावरील लोखंडी पट्टीला घासून एक वायर सोलली गेली होती. (सोयाबीन घरात आल्यावर हेच काम उंदीरही करतात, असे त्यांनी सांगितले.)

उन्हाळ्याविषयी त्यांनी दिलेली माहिती विदर्भातील प्रत्येक वाहनमालकाने ऐकण्यासारखी आहे. तापलेली गाडी बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर ईसीएममधील तडकलेल्या सोल्डरिंगची शंका घेता येते. तथापि सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) दिसत नसेल, तर आधी हे फेरे टिपणारा क्रँक सेन्सर आणि त्याची वायरिंग तपासावी. पुरवठा, अर्थिंग आणि स्कॅनरपर्यंतची वायरिंग ठीक असूनही स्कॅनरचा ईसीएमशी संपर्क होत नसेल, पी०६०१ किंवा पी०६०६ हे ईसीएमच्या अंतर्गत बिघाडाचे कोड पुसल्यावरही परत येत असतील, किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या असतील, तरच ते ईसीएमवर बोट ठेवतात.

उणिवाही आहेत. ईसीएम उघडून दुरुस्त करण्याची सोय येथे नसल्याने तो नागपूरला पाठवावा लागतो. भंगारातील ईसीएम बसवल्यास इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीची किल्ली त्याच्याशी जुळवून घ्यावी लागते, आणि तेही काम येथे होत नाही. तपासणीचे ५०० रुपये मला वाजवी वाटले, मात्र बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि कोणते कोड आले होते याची लेखी नोंद तर मागूनही मिळाली नाही. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या कामांना प्राधान्य असते, त्यामुळे त्या काळात आधी फोन करूनच गाडी न्यावी.