आठ महिने वापरलेला ५ नंबरचा रग्बी बॉल: हवेवरून झालेलं भांडण

गेल्या आठवड्यात बॉलने मान टाकली. सकाळी हवा भरायची आणि संध्याकाळी दाबून बघावं तर अंगठा आत. दुकानात तिसऱ्यांदा गेले, तर उत्तर मिळालं, "ताई, आठ महिने वापरलाय, आता काय बदलून देणार?" १,१५० रुपये मी स्वतःच्या पर्समधून घातलेत, मुलींकडून वर्गणी काढली नव्हती. म्हणून राग आहे.

खोक्यावरची माहिती सांगत बसत नाही. सांगलीत रोज संध्याकाळी मी पंधरा-सोळा मुलींचा सराव घेते. सगळ्या मूळच्या कबड्डीच्या, त्यामुळे टॅकलची, म्हणजे बॉल घेऊन पळणारीला धरून पाडण्याची, भीती कुणालाच नव्हती. खाली वाकून पाय धरणं त्यांच्या अंगातच आहे. सवयी मोडाव्या लागल्या त्या वेगळ्या. पळणारीच्या पुढ्यात डोकं घालायचं नाही, तिच्या पाठीकडच्या बाजूला ठेवायचं, खांदा मांडीला भिडवायचा आणि दोन्ही हातांनी मिठी घालायची. खांद्याच्या वर धरलं की पेनल्टी. आणि पाडलं की लगेच सोडायचं. कबड्डीत पकड सोडली की पॉइंट गेला, इथे धरून ठेवलं तर शिट्टी. हे पचायला महिना लागला.

पण माझं खरं सांगणं झेलाबद्दल आहे. पहिले तीन-चार महिने मी भेटेल त्याला सांगायचे, मुलींचे हात काय बसलेत! चालत पास, पळत पास, मागे वळून पास, बॉल पडायचाच नाही. अगदी पावसाळ्यातसुद्धा. (काळी माती बॉलवरच्या खरखरीत दाण्यांत बसते, दात घासायच्या जुन्या ब्रशशिवाय निघत नाही.) मग नोव्हेंबरात कोल्हापूरच्या मुलींबरोबर सेव्हन्सचा (सात-सात जणींच्या रग्बीचा) मैत्रीपूर्ण सामना झाला, त्यांच्या बॉलने. पहिल्या सात मिनिटांत आमच्या हातून बॉल सहा वेळा पुढे सुटला. याला नॉक-ऑन म्हणतात. असे सहा, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी स्क्रम (दोन्ही संघ खांद्याला खांदा भिडवून रेटतात आणि खेळ पुन्हा सुरू होतो तो) त्यांचा. माझ्या दोन पोरी रडल्या.

सामना संपल्यावर त्यांचा बॉल दाबून बघितला. टणक! नियमाप्रमाणे हवा ९.५ ते १० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) लागते आणि मी इतके दिवस अंगठ्याच्या अंदाजाने भरत होते. ३५० रुपये वाचवायला हवा मोजायचा गेज घेतला नव्हता, तो दुसऱ्या दिवशी घेतला. आमच्या बॉलमध्ये हवा जेमतेम ५. मऊ बॉल तळव्यात रुततो, छातीशी चिकटतो, कसाही धरला तरी राहतो. टणक बॉल तळव्यावर आपटून परत जातो, त्याला बोटं लागतात. हात आधीच पास येतोय त्या बाजूला लांबवलेले, बोटं पसरलेली, कोपरं सैल, आणि बॉल बोटांना लागला की हात किंचित मागे घ्यायचे. हे आम्ही कधी शिकलोच नव्हतो. मऊ बॉलने ते झाकून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून सरावाआधी गेज लावते. डिसेंबरभर नुसता झेल घेतला. ड्रॉप किकही (बॉल जमिनीवर टप्पा पाडून मारायची किक) सुधारली, कारण बॉल टप्प्यावरून वर उठायला लागला. सेव्हन्समध्ये ट्रायनंतरचे (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की ट्राय) दोन गुण ड्रॉप किकनेच मिळवावे लागतात, त्यामुळे हा फायदा लहान नाही.

आता दुकानदाराबद्दल. परवा सायकलवाल्या मामांनी बॉल बादलीत बुडवला, तर बुडबुडे व्हॉल्व्हपाशी. त्यांनी विचारलं, "सुई कोरडीच घालता काय?" हो, आठ महिने रोज कोरडीच घातली. त्याने आतलं रबर फाटलं. घालण्याआधी सुईला ग्लिसरिनचा थेंब लावायचा असतो. म्हणजे बॉल खराब नव्हता, आणि दुकानात चढवलेला आवाज मी मनातून मागे घेते. पण विकताना एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर हा बॉल आज चालू असता, आणि ही तक्रार मी सोडणार नाही.

बॉलला पाचपैकी चार, दुकानाला एक. तोच बॉल दुसरीकडून मागवलाय, आता १,२८० ला पडला. जुना टाकणार नाही. टॅकल होऊन पडल्यावर अंग वळवून बॉल आपल्या बाजूला लांब ठेवायचा असतो, त्या सरावाला हवा कमी असली तरी चालते.